पहिला उंदीर हातात घेण्याआधी: अ‍ॅनिमल हाउसमधल्या प्रयोगाची अथपासून इतिपर्यंत वाट

एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात एक दृश्य हमखास दिसतं. विद्यार्थी ग्लुकोमीटर घेऊन उभा आहे. समोरचा उंदीर नॉर्मल कंट्रोल गटातला, म्हणजे त्याला अजून काहीच दिलेलं नाही. पडद्यावर आकडा येतो १५८. पहिला संशय पट्टीवर. दुसरी पट्टी लावली तर १६३. मग दुसऱ्या विभागातून दुसरं ग्लुकोमीटर मागवलं जातं. प्राण्यांची देखभाल करणारे मामा तिकडे पिंजरे धूत असतात. ते मान न वळवता म्हणतात, "शेपटीला धरून दोन मिनिटं पिंजराभर फिरवलात त्याला. वाढणारच की."

मामांचं बरोबर असतं. घाबरलेल्या उंदराच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. तुम्ही मधुमेह मोजायला गेलात आणि मोजली भीती. प्राण्यांची काळजी हा विषय बहुतेक कॉलेजांत 'नीतिमत्ता' नावाच्या एका तासात उरकला जातो. माझ्या मते तो मोजमापाचा विषय आहे, आणि या लेखात मी तो तसाच मांडणार आहे.

उदाहरण मुद्दाम आपल्याकडे सगळ्यांत जास्त होणारं घेतो: एखाद्या वनस्पतीचा अर्क, विस्टार जातीचे रॅट, स्ट्रेप्टोझोटोसिनने (इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारणाऱ्या रसायनाने) आणलेला मधुमेह आणि २८ दिवसांचं डोसिंग. आणखी एक खुलासा. मराठीत रॅट आणि माऊस दोघेही उंदीरच. इथे 'उंदीर' म्हटलं की मोठा, दोनशे-अडीचशे ग्रॅमचा पांढरा रॅट समजा. छोट्याला मी माऊसच म्हणेन.

आधी विचारा: प्राणी हवाच आहे का?

हा प्रश्न कायद्यानेच विचारलेला आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याचं कलम १७ सांगतं की जिथे टाळता येतील तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. पुस्तकं, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागत असेल तर शिकवण्यासाठी प्राणी वापरू नयेत. लहान प्राण्यावर काम होत असेल तर मोठा घेऊ नये. आणि निव्वळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत. या कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवायला नेमलेल्या केंद्रीय समितीला जुनी मंडळी अजून सीपीसीएसईए म्हणतात, तिचं आताचं नाव सीसीएसईए. कामाचे नियम १९९८ चे, पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. गंमत म्हणजे मूळ कायद्यात नियमभंगाचा दंड २०० रुपयांपर्यंतच आहे. पण त्यावर विसंबू नका. संस्थेची नोंदणी स्थगित झाली तर तुमच्याबरोबर पुढच्या तीन बॅचची कामं अडकतात.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं तुम्ही पाठ केलीच असतील: पर्याय शोधा, संख्या घटवा, त्रास कमी करा. भारतात त्यांना पुनर्वसनाची चौथी जोड आहे. परीक्षेत चार ओळी लिहिणं सोपं, पण परवानगीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बीमध्ये, ती तत्त्वं तुमच्या प्रयोगाला लावून दाखवावी लागतात. आपल्या उदाहरणात पर्याय शोधायचा म्हणजे काय? अर्क पिष्टमय अन्नाची साखर करणाऱ्या अल्फा-ग्लुकोसिडेज किंवा अल्फा-अमायलेज या एन्झाइमांना रोखतो का, हे आधी परीक्षानळीत पाहायचं. तिथेच तो निकामी ठरला आणि दुसऱ्या कुठल्या मार्गाने चालेल असं मानायला कारणही नसलं, तर तीस उंदरांचा प्रश्नच उद्भवत नाही. हे काम पंधरा दिवसांचं आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तरीही ते प्राण्यांच्या प्रयोगानंतर 'यंत्रणा शोधण्यासाठी' करायची उलटी रीत आपल्याकडे का पडली, मला कळलेलं नाही.

जग कुठे चाललंय तेही ध्यानात ठेवा. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या भारताने २०१४ मध्ये बंद केल्या. नव्या औषधांच्या नियमांत मार्च २०२३ च्या दुरुस्तीने पेशी, ऑर्गन-ऑन-चिप, संगणकीय प्रारूपं अशा प्राणीविरहित पद्धतींना जागा दिली. पदवीच्या वर्गात बेडकाच्या हृदयाचा आलेख आता पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये तयार झालेल्या एक्सफार्मसारख्या सॉफ्टवेअरवर काढतात.

किती उंदीर? 'प्रत्येक गटात सहा' हे उत्तर नाही

संस्थेच्या प्राणी आचार समितीच्या बैठकीत ठरलेला प्रश्न येतो: सहाच का? आणि ठरलेलं उत्तर मिळतं: "सर, मागच्या पेपरमध्ये सहा होते."

किती प्राणी पुरतील ते संख्याशास्त्राने आधीच काढायचं असतं. त्याचा सगळ्यांत चांगला मार्ग पॉवर अ‍ॅनालिसिसचा. आधीच्या कामातून सरासरी आणि प्रमाण विचलन घ्या, किती फरक पडला तर तो औषध म्हणून अर्थपूर्ण म्हणाल ते ठरवा आणि जी-पॉवरसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाका. आधीचे आकडेच नसतील तर रिसोर्स इक्वेशन वापरतात. एकूण प्राण्यांतून एकूण गट वजा करायचे. उत्तर साधारण १० ते २० च्या दरम्यान यावं. दहाच्या खाली गेलं तर प्रयोग अशक्त, विसाच्या फार वर गेलं तर प्राणी वाया.

आपले गट पाच: नॉर्मल कंट्रोल, डायबेटिक कंट्रोल, मेटफॉर्मिन (मधुमेहावरचं नेहमीचं औषध), अर्काचा कमी डोस, अर्काचा जास्त डोस. प्रत्येकी सहा धरले तर ३० वजा ५, म्हणजे २५. मर्यादेबाहेर. प्रत्येकी पाच घेतले तर २५ वजा ५, बरोबर २०. सहाच हवे असतील तर एक गट कमी करा: चार गटांचे २४, वजा ४, पुन्हा २०. दोन मिनिटांचा हिशेब, पण तो कागदावर मांडलेला फॉर्म समितीपुढे क्वचितच येतो.

त्यात एक व्यावहारिक भर घालावी लागते. स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर काही उंदीर मरतात आणि काहींची साखर वाढतच नाही. म्हणून मधुमेही करायच्या वीस उंदरांमागे चार-पाच जादा मागा. ते जादा का, आणि उरले तर त्यांचं काय करणार, हेही तिथेच लिहा. मंजुरी २५ ची आणि अर्ध्यात पाच कमी पडले, तर फेरमंजुरीत महिने जातात.

नर घ्यायचे की मादी, याचंही कारण द्या. या प्रारूपात नर घेण्याला आधार आहे, कारण मादी रॅटवर स्ट्रेप्टोझोटोसिनचा परिणाम कमी होतो. 'मादीचं ऋतुचक्र गोंधळ घालतं' हे सरसकट कारण मात्र आता फारसं कुणी मान्य करत नाही.

फॉर्म बी आणि आठ माणसं

संस्थेच्या प्राणी आचार समितीत, म्हणजे आयएईसीत, आठ सदस्य असतात. पाच संस्थेतले: एक जीवशास्त्रज्ञ, वेगळ्या शाखांचे दोन शास्त्रज्ञ, पशुवैद्य आणि अ‍ॅनिमल हाउसचे प्रमुख. बाहेरून एक शास्त्रज्ञ, एक सामाजिक जाण असलेला बिगरवैज्ञानिक सदस्य आणि सीसीएसईएचा प्रतिनिधी. या प्रतिनिधीशिवाय बैठक होत नाही, त्यामुळे त्यांची तारीख तीच तुमची तारीख. रॅट, माऊस, गिनीपिग, ससा अशा लहान प्राण्यांच्या प्रयोगांना ही समितीच मंजुरी देते. कुत्रा, माकड अशा मोठ्या प्राण्यांचा प्रस्ताव वर सीसीएसईएकडे जातो.

फॉर्म बी भरताना एक युक्ती सांगतो. त्यातलं वर्णन त्या बिगरवैज्ञानिक सदस्याला समजेल असं लिहा. ती व्यक्ती निवृत्त शिक्षिका असेल, वकील असेल. 'डोस दिला जाईल, रक्त घेतलं जाईल' एवढ्याने भागत नाही. कोण देणार, कुठून, किती मिली, किती वेळा, भूल कोणती, उंदीर खंगला तर कुठल्या खुणेवर प्रयोग थांबवणार, शेवटी काय करणार, हे सगळं हवं. हे लिहिताना जिथे तुमचं पेन अडखळतं, नेमकं तिथेच प्रत्यक्षात तुम्ही अडखळणार असता.

डोसचं गणितही इथेच मांडा. माणसाचा डोस मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये आणायचा आणि रॅटसाठी ६.२ ने गुणायचा, माऊससाठी १२.३ ने. समजा ६० किलोचा माणूस दिवसाला १००० मिग्रॅ मेटफॉर्मिन घेतो. किलोमागे १६.७ झाले. गुणिले ६.२, म्हणजे रॅटला किलोमागे साधारण १०३ मिग्रॅ. अडीचशे ग्रॅमच्या उंदराला २६ च्या आसपास. अर्काचा डोस मात्र 'साहित्यात २०० आणि ४०० आहे' म्हणून उचलू नका. विषारीपणाची माहिती नसेल तर आधी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीने चाचणी करतात. तिच्यात एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात, डोस ५, ५०, ३०० आणि २००० मिग्रॅ असे ठरलेले असतात आणि निरीक्षण १४ दिवस चालतं. शेकड्याने प्राणी मारून एलडी-५० (निम्मे प्राणी मरतात तो डोस) काढायची जुनी ओईसीडी ४०१ चाचणी २००२ मध्येच रद्द झाली.

मंजुरीचं पत्र हातात येण्याआधी एकही उंदीर मागवू नका. मागाहून मंजुरी अशी चीजच नसते.

उंदीर येतात तो आठवडा

खरेदी नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच करायची. बिल आणि आरोग्याचा दाखला जपून ठेवा. खोका उघडला की आधी मोजा, मग नाकपुड्या, डोळे, शेपटीखालची जागा पाहा. रॅटच्या डोळ्यांच्या किंवा नाकाच्या कडेला लालसर डाग दिसला की नवखे विद्यार्थी रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतून येणारं पॉरफायरिन असतं आणि ते ताणाचं, आजाराचं लक्षण आहे. प्रवासानंतर एक-दोन दिवस दिसलं तर ठीक. टिकलं तर पशुवैद्यांना दाखवा.

मग किमान एक आठवडा काही करायचं नाही. म्हणजे प्रयोगातलं काही नाही. रोज त्याच वेळी जाऊन पिंजऱ्यात हात घालणं, उचलणं, वजन करणं, परत ठेवणं हे मात्र याच आठवड्यात व्हायला हवं. सबमिशनच्या घाईत पहिली काट याच दिवसांवर बसते आणि सुरुवातीचं ते १५८ तिथूनच येतं.

उचलायचं कसं? शेपटीच्या टोकाला धरून कधीच नाही. टोकाची कातडी सोलून येते. तळहात पाठीवरून छातीभोवती न्यायचा, अंगठा एका पुढच्या पायाखाली, दुसऱ्या हाताने मागचे पाय पेलायचे. छाती आवळायची नाही, उंदीर छातीनेच श्वास घेतो. माऊसबाबत तर लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलंय की शेपटीऐवजी नळकांड्यातून किंवा ओंजळीत उचलल्यास ते कितीतरी कमी घाबरतात. बांगड्यांच्या खोक्यातली पुठ्ठ्याची नळी त्यासाठी पुरते.

आणि हो, कोण उचलतं यानेही फरक पडतो. मॅगिल विद्यापीठातल्या २०१४ च्या अभ्यासात पुरुषांच्या अंगाच्या वासानेसुद्धा रॅट आणि माऊस ताणाखाली आल्याचं दिसलं. म्हणून सोमवारी रोहन आणि गुरुवारी स्नेहा असं करू नका. मोजमापाच्या दिवशी हात एकच असू द्या. अत्तर, डिओ वर्ज्य. उंदीर माणसाळला की काय होतं ते याक पँकसेप या शास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात ऐकून ठेवलंय: गुदगुल्या केल्या की रॅट ५० किलोहर्ट्झच्या आसपास चिवचिवतात. आपल्या कानांना ते ऐकू येत नाही, एवढंच.

खुणेसाठी आपल्याकडे पिक्रिक आम्लाचा पिवळा ठिपका डोक्यावर, पाठीवर, शेपटीच्या मुळाशी लावायची जुनी रीत आहे. तो टिकतो, पण बाटलीतलं पिक्रिक आम्ल सुकलं की स्फोटक होतं. झाकणाभोवती पिवळे खडे जमलेली बाटली कपाटात दिसली तर ती उघडू नका, हलवू नका, सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. २८ दिवसांसाठी शेपटीवर कायम शाईच्या पेनाने रेघा ओढणं पुरतं. चार-पाच दिवसांनी त्या पुन्हा गडद करायच्या.

खोली: मे महिना, पावसाळा आणि ढोल

मार्गदर्शक तत्त्वांत तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के, तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलणं आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार असं दिलेलं आहे. आकडे भिंतीवर चिकटवलेले असतात. अडचण भिंतीबाहेरून येते.

मे महिन्यात वीज गेली आणि जनरेटर एसीला जोडलेला नसेल, तर तासाभरात खोली ३५ च्या पुढे जाते. रॅटला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता टाकतो. जनरेटरवर कोणती खोली आहे ते प्रयोगाआधी विचारा आणि रविवारचाही फोन नंबर दारावर लावा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात त्यावर एसी चालला की आर्द्रता तिशीखाली उतरते आणि पिलांच्या शेपटीला कड्यांसारख्या वळ्या पडतात. उलट कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये आर्द्रता सत्तरच्या खाली आणण्यासाठीच धडपड. तेव्हा अंथरणातलं भाताचं तूस दमट होतं, बुरशी धरतं, मुताचा अमोनिया साचतो. तुम्हाला दारातच वास आला म्हणजे जमिनीलगत राहणाऱ्या उंदराचं नाक केव्हाच पोळलेलं असतं. तूस ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून), पूर्ण वाळवून वापरा. परवडत असेल तर मक्याच्या बुरकुंडांचा भुगा चांगला.

कॅलेंडर पुढ्यात घेऊन २८ दिवस आखा. कॉलेजशेजारून विसर्जनाची मिरवणूक जात असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मोजमाप ठेवू नका. दिवाळीच्या सुट्टीत डोस कोण देणार ते आधी लिहून ठरवा. 'बघू' या उत्तरावर प्रयोग सुरू करू नका. रात्री वॉचमन फेरी मारताना अ‍ॅनिमल हाउसचा दिवा लावतो का, हेही बघा. अंधाराचं चक्र तिथे मोडतं. लाल दिवा दिला तर त्याचंही भागतं, उंदरालाही तो फारसा दिसत नाही.

पिंजऱ्यात एकटा उंदीर ठेवू नका, त्याला सोबत लागते. दोनशे ते तीनशे ग्रॅमच्या रॅटला किमान १८७ चौरस सेंमी जागा हवी. नेहमीचा पॉलिप्रॉपिलीनचा पिंजरा तळाशी साधारण ४१ गुणिले २८ सेंमी असतो. भागाकार केला तर सहा बसतात, पण तीनच ठेवा. उंदीर वाढतात, आणि मधुमेही उंदीर किती मुततो ते तिसऱ्या दिवशी कळेलच. पुठ्ठ्याची नळी, कागदाचे कपटे टाका. सगळ्या गटांना सारखेच टाका.

खाणं एकच, पेलेट. मामा मायेने भिजवलेले हरभरे टाकतात. त्यांना रागावू नका, पण का नको ते समजावून सांगा.

स्ट्रेप्टोझोटोसिनचा दिवस

हा दिवस सगळ्यांत जास्त चुकतो, म्हणून सावकाश सांगतो.

आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची पद्धत आहे. जरा विचार करा: उंदीर रात्री खातो, दिवसा झोपतो. संध्याकाळी अन्न काढलं की त्याचं मुख्य जेवणच बुडतं. बहुतेक कामांसाठी सकाळी अन्न काढून सहा तास थांबणं पुरतं. पुढेही, मधुमेह झालेल्या उंदराला रात्रभर उपाशी ठेवणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. पाणी मात्र कधीच काढायचं नाही.

औषध ०.१ मोलर सायट्रेट बफरमध्ये विरघळवतात. पीएच ४.५, बफर थंड, भांड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कागद. विरघळल्यावर ते झपाट्याने नासतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत संपवायचं. एकदम सगळ्यांसाठी करून ठेवू नका. पाच-सहा उंदरांपुरतं कराल तर शेवटच्या उंदरालाही पहिल्याइतकाच डोस मिळेल. 'निम्म्यांना मधुमेह झालाच नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. डोस किलोमागे ५० मिग्रॅ धरला तर अडीचशे ग्रॅमला १२.५ मिग्रॅ. द्रावण मिलीला १० मिग्रॅचं केलं तर १.२५ मिली. पोटात खालच्या उजव्या चतुर्थांशात सुई, आधी किंचित ओढून बघायचं, रक्त किंवा हिरवट पाणी आलं तर सुई बदलून दुसऱ्या जागी. नॉर्मल कंट्रोलला तेवढंच नुसतं बफर टोचायचं. हे विसरलात तर तो कंट्रोल उरत नाही.

स्वतःलाही जपा. हे रसायन कर्करोगकारक आहे. हातमोजे, मास्क, आणि पहिले दोन दिवस अंथरण बदलतानाही तीच काळजी.

पुढचे काही तास बीटा पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं इन्शुलिन एकदम बाहेर येतं. साखर आधी कोसळते, मग चढते. पहिल्या रात्रीचे मृत्यू याच कोसळण्याने होतात. त्या रात्री पिण्याच्या बाटलीत साध्या पाण्याऐवजी ५ टक्के ग्लुकोज ठेवलं तर ते बरेचसे टळतात. अन्न अर्थातच परत द्यायचं.

बहात्तर तासांनी शेपटीच्या टोकाच्या थेंबातून साखर बघा. उपाशीपोटी २५० मिग्रॅच्या वर असलेले घ्यायचे आणि मग चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने गट पाडायचे. हाताला आधी लागले ते पहिल्या गटात, असं नको. आधी हाती लागतो तो सुस्त असतो आणि सुस्त उंदीर बहुधा जास्त आजारी असतो. ग्लुकोमीटरवर 'एचआय' आलं तर साखर यंत्राच्या मर्यादेपलीकडे गेली आहे, बऱ्याच यंत्रांत ती ६०० असते. तक्त्यात तिथे ६०० लिहू नका.

आता पिंजरा रोज बदलावा लागेल आणि बाटल्या दोन लागतील. निरोगी रॅट शंभर ग्रॅममागे दहाएक मिली पाणी पितो, हा त्याच्या कितीतरी पट पितो. शनिवारी संध्याकाळी भरलेली एक बाटली सोमवारपर्यंत पुरत नाही.

डोस आणि रक्त

गॅव्हाजची, म्हणजे तोंडावाटे थेट जठरात डोस द्यायची, सुई गोल टोकाची, या वजनाला १६ ते १८ गेजची. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरूनच मापून खूण करा. मान सरळ, सुई तोंडाच्या कडेने आत. ती स्वतःच्या वजनाने सरकायला हवी. अडली तर ढकलू नका. नाकातून बुडबुडे आले, ठसका लागला, की थांबा आणि उंदीर पिंजऱ्यात ठेवून बघत राहा. किलोमागे १० मिलीपेक्षा जास्त देऊ नका. अडीचशे ग्रॅमला अडीच मिली झाले, आणि निम्म्यात भागत असेल तर उत्तम. अर्क कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये घोळला असेल तर सगळ्या कंट्रोलना तेच सेल्युलोज रोज पाजायचं.

रॅटच्या अंगात किलोमागे सुमारे ६४ मिली रक्त असतं. अडीचशे ग्रॅमच्या उंदरात १६ मिली. एका वेळी दहा टक्के, म्हणजे १.६ मिली घेतलं तर पुढे दोन आठवडे विश्रांती हवी. साखरेपुरता शेपटीचा थेंब पुरतो. डोळ्यामागून केशनळीने रक्त काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. करायचीच असेल तर भूल देऊन, शिकलेल्या हाताने. शेपटीच्या शिरेतून जमत असेल तर डोळ्याकडे जाऊ नका.

रोजची पाच मिनिटं आणि थांबायची रेघ

रोज पिंजऱ्यासमोर हात न लावता पाच मिनिटं उभं राहायचं. कोण कुबड काढून कोपऱ्यात बसलाय? कुणाचे केस उभे आहेत? डोळे अर्धवट मिटलेत का? उंदीर हे भक्ष्य असलेलं जनावर, दुखणं लपवतो. तुम्हाला दिसलं म्हणजे बरंच झालेलं असतं. वजन एक दिवसाआड.

थांबायची रेघ फॉर्म बीमध्ये लिहिलेली असेलच: वजन २० टक्के उतरलं, अन्नापर्यंत सरकता येत नाही, अंग गार पडलं, यांपैकी काहीही झालं तर त्या उंदराला त्याच दिवशी वेदनारहित मृत्यू द्यायचा. इथे विद्यार्थी घुटमळतात, कारण गटातला एक आकडा जातो. 'अजून चारच दिवस राहिलेत.' चार दिवस मरणपंथाला लागलेल्या उंदराचं सीरम तुमच्या अर्काबद्दल काहीही सांगत नाही.

शेवटचा दिवस

शेवटची साखर शेपटीतून, भूल देण्याआधी घ्या. भुलीसाठी किटामिनबरोबर जे झायलाझिन देतात ते इन्शुलिन दाबतं आणि साखर वर नेतं. भूल दिल्यावर हृदयातून काढलेल्या रक्तात साखर तपासून 'औषधाचा परिणाम नाही' असा निष्कर्ष काढणारे प्रबंध मी वाचले आहेत. किटामिन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणाखालचं, औषध आहे. नोंदवही आणि कुलूप आधी, सिरिंज नंतर. ईथर वापरू नका. श्वासमार्ग जाळतो आणि पेट घेतो.

पायाचं बोट चिमट्यात धरून पाहा. पाय ओढला तर भूल उथळ आहे, थांबा. खोल भुलेत रक्त घेतल्यावर जास्त मात्रा देऊन शेवट करतात. कार्बन डायॉक्साइड वापरत असाल तर डबा आधी भरून ठेवायचा नाही. दर मिनिटाला डब्याच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के वेगाने वायू सोडायचा. दुसऱ्या उंदरांसमोर हे करू नका. मृत्यूची खात्री दुसऱ्या एखाद्या उपायाने करूनच पुढे जा.

मृत शरीरं आणि अवयव पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार. फ्रीजरमध्ये पिशवीवर तारीख लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी ती कुणाची हे कुणालाच ठाऊक नसतं.

त्या रात्री जेवण गेलं नाही तर त्यात विशेष काही नाही. पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं. प्रयोगशाळेत 'मारला' म्हणत नाहीत, 'सॅक्रिफाइस केला' म्हणतात, ते उगाच नाही.

वही

फॉर्म डी, म्हणजे प्राण्यांच्या नोंदींचा फॉर्म, त्याच दिवशी भरा. किती आले, किती वापरले, किती मेले, कधी, कशाने. प्रबंधातही तेच आकडे. तीस आले, तक्त्यात प्रत्येक गटात पाच, मग उरलेले पाच कुठे गेले, हे एका वाक्यात सांगितलेलं हवं. प्राण्यांवरचे प्रयोग शोधनिबंधात कसे मांडावेत हे सांगणाऱ्या, २०२० च्या सुधारित अराइव्ह मार्गदर्शकात विचारलेल्या गोष्टी, म्हणजे संख्या कशी ठरवली, गट कसे पाडले, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, कुणाला का वगळलं, या सगळ्यांची उत्तरं वहीत असतील तर शोधनिबंध लिहायला अर्धा वेळ लागतो.

ससा किंवा गिनीपिग असेल तर यातलं बरंच बदलतं. सशाचे मागचे पाय पेलले नाहीत तर लाथ मारताना त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. गिनीपिगला बाहेरून सी जीवनसत्त्व द्यावं लागतं. त्यांच्यासाठी पशुवैद्यांकडे वेगळी बैठक मारा.

एक काम शेवटच्या दिवसाच्या आठवडाभर आधी करायचं असतं. विभागाच्या फळ्यावर चिठ्ठी लावा: 'अमुक तारखेला पाच नॉर्मल विस्टार नर, यकृत, मूत्रपिंड, मेंदू उपलब्ध. कुणाला हवं असल्यास समितीला विचारून कळवावे.' शेजारच्या टेबलावर कुणीतरी नेमक्या त्याच पाच यकृतांसाठी नवा फॉर्म बी भरत बसलेलं असतं.